नव्या कडेला सारखी ओल

गेल्या दोन महिन्यांत बागेच्या सिमेंटच्या कडांविषयी इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर मी त्यांनाच देते आहे. पूर्वी वाफ्याला कड म्हणजे तिरक्या पुरलेल्या विटा, एक गेरूची आणि एक चुन्याची. शाळेच्या आवारात, एसटी स्टँडवर, सरकारी बंगल्यासमोर हीच नक्षी असायची. आता अंगणातच माल ओतून लांबच लांब कड घालतात, तिच्यात रंग मिसळतात, वर दगडाचा किंवा विटेचा छाप उठवतात. दिसते सुंदर. पण काम झालं की कारागीर पुढच्या कामाला निघून जातो आणि घरच्यांना पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

या विषयावर मला भरभरून लिहावंसं वाटतं, कारण माझं बालपणच रंगीत सिमेंटच्या वासात गेलं. सांगलीला आमच्या अण्णांचा सिमेंटच्या फरश्यांचा छोटा कारखाना होता. साच्यात आधी रंगाचा पातळ थर ओतायचा, त्यावर कोरडा माल घालायचा, मग प्रेसचा दाब द्यायचा. दुसऱ्या दिवशी फरश्या हौदात जायच्या. हौदातलं पाणी कमी होऊन एखाद्या फरशीचा कोपरा वर उघडा राहिला, तर तो कोपरा पुढे कायम फिकट दिसायचा. कितीही पॉलिश मारा. अण्णा ती फरशी विकायचे नाहीत.

नाशिकहून एक वाचक लिहितात : ताई, बंगल्याच्या पुढे साठ फूट कड घातली. विटकरी रंग, वर दगडाचा छाप. मिस्त्री म्हणाले, "दोन दिवस पाणी मारा, पुरे झालं." शेजारचे काका म्हणतात, रंगीत सिमेंटवर पाणी मारूच नका, रंग जाईल. मुलाने घाईने प्लास्टिक पसरून ठेवलं आहे. मार्चचं ऊन आहे. कुणाचं ऐकू?

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, कारण असल्या कामात उशीर चालत नाही. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

सिमेंट कपड्यासारखं वाळून कडक होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते धरतं. ही क्रिया पहिल्या आठवड्यात जोरात चालते आणि पुढे कित्येक आठवडे हळूहळू चालू राहते. पहिल्या सात दिवसांत साधारण दोनतृतीयांश ताकद येते. बाकीची यायला २८ दिवस धरतात. या काळात वरचं पाणी उडून गेलं तर पृष्ठभागावरची क्रिया तिथेच थांबते. मग वरचा पापुद्रा कच्चा राहतो. हात फिरवला की भुकटी लागते, आणि रंग बसलेला असतो तो नेमका त्याच पापुद्र्यात.

तुमच्याकडे उरलेली सिमेंटची गोणी आहे का, असं मी विचारलं होतं. तिच्यावर पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पॉझोलाना सिमेंट, लिहिलेलं निघालं. घरगुती कामाला दुकानात आज बहुतेक हेच मिळतं. यात फ्लाय अॅश असते, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली बारीक राख. हे सिमेंट चांगलं आहे, पण सावकाश धरतं. आपल्या देशातल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ : २००० मध्ये, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सतत ओलं ठेवा असं सांगितलं आहे. मिश्र सिमेंटला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही आहे. तुमच्या नाशिकच्या मार्चला मी सरळ १४ धरेन. दोन दिवस हा हिशेब कुठल्याच सिमेंटला बसत नाही.

शेजारच्या काकांचं म्हणणं मात्र पूर्ण टाकाऊ नाही. या कडांमध्ये घालतात ते लोहाचे ऑक्साइड. तांबडा, पिवळा, काळा, हे रंग उन्हाने उडत नाहीत आणि पाण्यात विरघळतही नाहीत. पहिल्या एक-दोन वेळा गडद पाणी वाहतं ती बहुतेक छाप उठवताना साचा चिकटू नये म्हणून भुरभुरलेली भुकटी असते. तिला घाबरू नका आणि ती घासून काढायलाही जाऊ नका. खाचांमध्ये उरते तीच दगडाला सावली देते. काकांची भीती खरी ठरते ती वेगळ्या कारणाने. पाणी कुठे जास्त, कुठे कमी पडलं तर रंगात ढग उठतात. हौदातल्या फरशीला सगळीकडून सारखं पाणी मिळतं. साठ फुटांची कड आपण हौदात बुडवू शकत नाही, म्हणून तिला सगळीकडे सारखी ओल कशी राहील एवढंच पाहायचं.

त्यासाठी मुलाने घातलेलं प्लास्टिक काढा. सपाट, पांढऱ्या फरशीला ते चालतं. छापाच्या कडेवर ते चुरगळतं, जिथे टेकतं तिथे गडद आणि जिथे फुगा राहतो तिथे फिकट डाग पडतो. नाशिकला आल्यावर माझ्या स्वतःच्या पारिजातकाच्या आळ्याला मी हीच चूक केली होती. एका रात्रीसाठी घाईत प्लास्टिक टाकलं आणि त्याच्या सुरकुत्या आजही त्या कडेवर दिसतात.

जुन्या सुती चादरी किंवा धोतरं घ्या, पांढरी, खूप वेळा धुतलेली, रंग न जाणारी. दुहेरी करून कडेच्या माथ्यावर आणि दोन्ही अंगांवर नीट चिकटवून पसरा आणि टोकांवर दगड ठेवा, पण कडेवर नको, बाजूला मातीत. गोणपाट असेल तर आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, नव्या तागाचा तपकिरी रंग उतरतो. मग झारीने पाणी घाला. पाइपची धार थेट मारू नका, पहिल्या दोन दिवसांत तर नकोच, छापाच्या कडा झिजतात. सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी मारलं आणि मधे कापड कडकडीत वाळलं, तर काही साधलं नाही. दुपारी तापलेल्या कोरड्या कडेवर एकदम गार पाणी ओतलं तर बारीक तडे जातात, त्यामुळे कापड वाळूच द्यायचं नाही. तुमच्या सासूबाई दिवसभर घरी असतात असं तुम्ही म्हणालात. दर दोन तासांनी कापडाला हात लावून पाहायचं काम त्यांना द्या. बोअरचं पाणी जड असेल तर शक्यतो नळाचं वापरा, नाहीतर पाण्यातला क्षार कडेवर उतरतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. काही कारागीर त्याच दिवशी वरून पारदर्शक लेप मारतात, तो आतलं पाणी धरून ठेवतो. कडेवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लेप आहे, कापड-झारीची गरज नाही. थेंब मुरले तर लेप नाही, आणि मग वरचं सगळं करायचं. पहिले चार-पाच दिवस हुकले असतील तरी आज सुरू करा, जेवढं मिळेल तेवढं मिळेल. चौदा दिवसांनी कापड काढाल तेव्हा दिवस कलताना काढा, म्हणजे कड रात्रभर हळूहळू सुकेल.

कोल्हापूरहून : आमच्या मरून कडेवर तीन आठवड्यांनी पांढरी पूड आली आहे. पुसली की जाते, दोन दिवसांनी पुन्हा येते. दुकानदाराने अॅसिड दिलं आहे. वापरू का?

ते अॅसिड कुलूपबंद ठेवा. बाथरूमचं क्लीनरही नको, त्यातही बहुतेकदा अॅसिडच असतं. सिमेंट मुळात अल्कधर्मी आहे, अॅसिड डागाबरोबर सिमेंटही खातं. मरून रंग उडालेली आणि वाळूचे कण उघडे पडलेली कड मी पाहिली आहे. तिला परत रूप येत नाही.

ही पूड म्हणजे सिमेंटमधलाच चुना आहे. आतला चुना पाण्याबरोबर वर येतो, पाणी उडून जातं, चुना मागे राहतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पांढरा थर होतो. पांढऱ्या-करड्या कडेवरही तो येतो, फक्त दिसत नाही. मरून, काळा, चॉकलेटी रंगावर तो डोळ्यांत भरतो. तुमच्याकडे तो कुठे येतो ते नीट बघा. माझा अंदाज, लॉनच्या बाजूने जास्त असेल, जिथे रोज पाणी फवारलं जातं. तसं असेल तर कडेची ती बाजू रोज भिजते आणि रोज वाळते, म्हणजे चुना वर खेचणारा पंपच तुम्ही चालू ठेवला आहे. फवाऱ्याचं तोंड आत वळवा.

आत्ता फक्त कोरड्या ब्रशने झाडा. नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. तारेचा नको, त्याच्या तारा तुटून कडेत अडकतात आणि पावसात गंजतात. झाडलेली पूड उचलून टाका, तिथेच धुतली तर पुन्हा मुरते. २८ दिवस झाल्यावरही थर चिवट राहिला, तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दहा भाग घ्या. तेही अॅसिडच, पण इतकं पातळ केलं की सौम्य होतं. आधी कड साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, मग मागच्या, न दिसणाऱ्या हातभर तुकड्यावर करून पाहा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. रंग हलला नाही तरच पुढे जा. पुष्कळदा एक पावसाळा गेला की हे आपोआप कमी होतं. थर असताना वरून लेप मात्र मारू नका, पांढरा थर लेपाखाली कायमचा अडकेल.

परभणीहून : घराभोवतीची सगळी जमीन काळी, भेगाळणारी. कड घालून सव्वा महिना झाला. तीन ठिकाणी केसासारखे तडे आहेत. त्यांतले दोन कापलेल्या रेषेत आहेत, एक मधेच आहे. कारागिराने माल खराब वापरला का?

रेषेतले दोन तडे पाहून मला आनंद झाला. त्या रेषा त्यासाठीच कापलेल्या असतात. काँक्रीट सुकताना आकसतं, लांब कड कुठेतरी तुटणारच. साधारण दोन-तीन फुटांवर, उंचीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी खोल खाच दिली की ती तिथे, आपण सांगू तिथे तुटते. तुमच्या कारागिराने हे काम मनापासून केलं आहे. त्या रेषांमध्ये सिमेंट भरून त्या "दुरुस्त" करू नका.

मधल्या तड्याविषयी मी इथून निर्णय देणार नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा. तड्यात पोस्टकार्डाची कड जात नसेल आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर वाट पाहा. एक बाजू वर उचलली असेल तर खाली जमीन हलते आहे.

काळ्या मातीत कडेचा खरा शत्रू माती असते. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. कडेच्या एका अंगाला रोज पाणी दिलेला वाफा आणि दुसऱ्या अंगाला कोरडी पायवाट असली, की एक बाजू वर ढकलली जाते, दुसरी खाली बसते आणि कड मधे पिळली जाते. मी मराठवाड्यात कामं पाहिली त्या ठिकाणी टिकलेल्या कडांखाली काळी माती नव्हती. वीतभर माती काढून मुरूम घातलेला, पाणी मारून धुमसाने ठोकलेला, त्यावर कड. तुमच्या कारागिराला विचारा, खाली काय घातलं. मुरूम असेल तर निर्धास्त राहा. नसेल तर आता कड उखडू नका. दोन्ही अंगांची ओल शक्य तितकी सारखी ठेवा. एप्रिल-मेमध्ये कोरड्या बाजूलाही आठवड्यातून एकदा पाणी द्या, वर वाळलेल्या पाल्याचा थर टाका. पावसाळ्यात कडेच्या आत पाणी तुंबत असेल तर सखल जागी कडेखालून पाइपचा तुकडा घालून वाट करून द्या. तळं साचू देऊ नका.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मगही तडा राहिला तर लवचिक पॉलियुरेथेन सीलंटने भरा, सिमेंटची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर ती पुढच्या मोसमात पुन्हा फुटेल. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलं आहे की कडेपासून चार फुटांवर उंबराचं रोप आपोआप उगवलंय. ते आत्ताच, लहान आहे तोवर, दुसरीकडे हलवा. उंबराच्या मुळांपुढे कुठलीच कड टिकत नाही.

न्यू जर्सीहून एक आजोबा लिहितात : सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहे. त्याने ऑक्टोबरच्या अखेरीस लॉनला सुंदर करडी कड घालून घेतली. मशीनमधून शेवयांसारखी सलग निघते ती. आता बर्फ पडेल. सून म्हणते, वाटेवर मीठ टाकावं लागतं. माझा जीव त्या कडेत गुंतला आहे. काय सांगू मुलांना?

नमस्कार काका. आपल्याकडच्या वाचकांना तुमचा प्रश्न नवा वाटेल, पण त्या देशात या कडांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. काँक्रीटच्या आत केसांहून बारीक नळ्या असतात. त्यांत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. रात्री गोठणार, दुपारी वितळणार, पुन्हा गोठणार. अशा प्रत्येक फेरीत वरचा पापुद्रा थोडा थोडा सुटतो. मीठ टाकल्याने या फेऱ्या वाढतात आणि वितळलेलं पाणी आत जास्त मुरतं. जुनी कड ते बऱ्यापैकी सोसते, कोवळी सोसत नाही. म्हणून पहिल्या हिवाळ्यात कडेच्या आसपास मीठ अजिबात नको. पाय घसरू नये म्हणून जाडी वाळू टाकायला सांगा. अमोनियम असलेलं बर्फ वितळवायचं मिश्रण किंवा खत तर कधीच नको, ते सिमेंटला सरळ खातं.

पहिले दोन दिवस कड गोठली नाही ना, हे मुलाला विचारा. त्या रात्री पारा चार-पाच अंशांच्या वर होता तर काळजी मिटली. त्याहून खाली होता आणि कड उघडी होती, तर नखाने हलकेच खरवडून पाहा. भुकटी सुटली तर कारागिराला आत्ताच फोटो पाठवा, वसंत ऋतूची वाट पाहू नका. थंडीत पाणी मारून ओलं ठेवायचा आपला देशी उपाय तिथे करू नका, ते पाणीच गोठेल.

बर्फ उपसताना प्लास्टिकचं फावडं वापरा. कड कुठून जाते ते दिसावं म्हणून आत्ताच दोन्ही टोकांना आणि वळणावर काठ्या रोवून ठेवा, ते काम तुम्हीच करा. ओकची पानं कडेवर कुजू देऊ नका, चहासारखा डाग पडतो. मार्च-एप्रिलमध्ये सून वाफ्यात लाकडाचा रंगवलेला भुसा टाकेल. तो पहिल्या पावसात रंग सोडतो, तेव्हा कडेच्या माथ्यापासून दोन बोटं खाली राहील एवढाच टाकायला सांगा. आणि लॉनला हिरवं करणाऱ्या खतात लोह असतं. त्याचे दाणे कडेवर पडले तर लगेच कोरडेच झाडून घ्या, ओले झाले की गंजाचे ठिपके उमटतात. इथल्या वाचकांनाही हेच सांगते. लिंबाची, एक्झोऱ्याची पानं पिवळी पडली की आपण फेरस सल्फेट घालतो, ते कडेवर सांडू देऊ नका.

पुण्याहून : चमक देणारा लेप कधी मारायचा? लवकर मारला तर काय होतं?

पाणी मारणं संपवून, २८ दिवस झाल्यावर, सलग तीन-चार कोरडे दिवस मिळाले की. आतली ओल बाहेर पडायच्या आधी ॲक्रिलिक लेप मारला तर तो दुधासारखा पांढुरका होतो. मारायचा तो अगदी पातळ, दोन हात, दुपारच्या उन्हात नव्हे. जाड एक हात मारलात तर सोलून निघतो. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. चमक नको असेल तर सिलेन-सिलॉक्सेनचा आत मुरणारा लेप घ्या. तो दिसत नाही, रंग बदलत नाही, पाणी मात्र झटकतो. मी माझ्या घरी हाच वापरते. जूनच्या तोंडावर कड घालणार असाल तर लेप पावसाळ्यानंतर दसरा-दिवाळीच्या मधे मारा.

सातारहून : मुलं कडेवरून चालतात. मोगरा कधी लावू?

मुलांना दोन दिवस दूर ठेवा. सायकल आठवडाभर नको. गाडीचं चाक कधीच चढवू नका, ही कड त्यासाठी केलेली नसते. मागची माती दोन दिवसांनी हाताने भरा, फावड्याने ढकलू नका आणि दाबू नका. मोगऱ्याला दोन आठवडे थांबा आणि तो कडेपासून फूटभर आत लावा, म्हणजे पुढे माती उकरताना खुरपं कडेला लागणार नाही.